शहराचा कौल

मोठ्या शहरांत राहणें चांगलें कीं वाईट, या प्रश्नाचें उत्तर बहुधा हवा, पाणी आणि भाडें यांच्या हिशेबानें दिलें जातें. मराठी वाङ्मयानें हा हिशेब निराळ्या रीतीनें मांडला आहे. गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचें वर्णन’ (१८६३) या ग्रंथांत शहराच्या भरभराटीचें कौतुक आहे. तें प्रामाणिक असलें, तरी पाहणाऱ्याचें आहे. नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत तेंच शहर राबणाऱ्याच्या तोंडून बोलतें. टाकून दिलेल्या या अर्भकास एका गिरणी-कामगारानें उचलून आपलें नांव दिलें, तें याच मुंबईंत. उलट, पुण्याजवळच्या खेड्यांतून लहानपणीं येथें आलेल्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) वाचल्यावर शहराच्या औदार्याविषयीं कोणी निःशंक राहूं शकणार नाहीं. पण तो लिहिला गेला तोही याच शहरांत.

आमच्या मतें या दोन साक्षी परस्परांस खोडून काढीत नाहींत. शहर सुखाची हमी देत नाहीं. गांवानें नाकारलेलें माणूसपण मागण्यापुरती जागा तेवढी देतें. ज्याला गांवांत मान आहे, त्यानें मुंबईस खुशाल नांवें ठेवावींत. ज्याला तेथें पाणवठाही मोकळा नव्हता, त्याचा कौल आधीं घ्यावा.