मजुमदार-घोष साखळी व बहुकण पुंजयामिकीचे अध्यापन

बहुकण पुंजयामिकीचे अध्यापन कारकांच्या बीजगणितापासून आरंभिल्यास विद्यार्थ्यास क्रिया साधते, अर्थ हाती लागत नाही. चाळीस स्पिनांच्या साखळीचे वर्णन करण्यास सुमारे १.१ लाख कोटी मूलावस्था लागतात. खरी अडचण तेथे आहे. चंचलकुमार मजुमदार व दीपन घोष यांनी १९६९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखविले की, प्रतिलोहचुंबकी साखळीत दुसऱ्या शेजाऱ्याशी होणारी अन्योन्यक्रिया पहिल्याच्या निम्मी असता न्यूनतम ऊर्जेची अवस्था शेजाऱ्यांच्या शून्य-स्पिन जोड्यांनी अचूक लिहिता येते. सोलापूर विद्यापीठात शिकणाऱ्या मैंदर्गीच्या विद्यार्थ्यासही हे घरी कागदावर पडताळता येईल. प्रमाण ढळताच मात्र उत्तर अचूक राहत नाही. ही मर्यादाही शिकविली, तरच अध्यापन सार्थ होय.