पाहुण्याचे वृत्त आणि यजमानाची वाणी

दिवाळी हा पाहुण्यांचा सण. पाहुणा चार दिवस राहतो, फराळाचे कौतुक करतो आणि आपल्या घरी परततो. परतल्यावर तो आपल्या घराविषयी तिकडे काय सांगतो, याची यजमानाला उत्सुकता असते आणि थोडी धास्तीही असते. वाङ्मयातही अशा परतलेल्या पाहुण्यांची एक शाखा आहे. तिच्याकडे समीक्षकाचे लक्ष सहसा जात नाही, म्हणून तिच्याविषयी आज थोडे सविस्तर लिहावे असे मला वाटते.

परदेशांतील, विशेषतः अमेरिकेतील, ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सेवासफरीची प्रथा आता चांगली रुजली आहे. एका चर्चची दहावीस माणसे एकत्र येतात, खर्चासाठी वर्गणी जमवतात, विमानाने दूरच्या एखाद्या गरीब देशात जातात, आठपंधरा दिवस तेथे राहून शाळेच्या भिंती रंगवतात, मुलांना गाणी शिकवतात, प्रार्थना करतात आणि परत येतात. रॉबर्ट वुथनो या समाजशास्त्रज्ञाच्या अंदाजाप्रमाणे या शतकाच्या पहिल्या दशकात अशा सफरींवर जाणाऱ्या अमेरिकनांची संख्या वर्षाला सुमारे १६ लाख होती. परतल्यावर जवळजवळ प्रत्येक जण काही ना काही लिहितो: मंडळीसाठी अहवाल, वर्गणीदारांसाठी पत्र, वार्षिक अंकासाठी लेख. अशी वृत्ते मी आवडीने वाचत आलो आहे.

या लिहिणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी मला शंका नाही. स्वतःची रजा आणि स्वतःचा पैसा खर्च करून परक्या मुलखातला उन्हाळा सोसणे ही काही थट्टा नव्हे. परंतु वाङ्मय म्हणून ही वृत्ते वाचू लागले की त्यांचा एक ठरीव साचा डोळ्यांत भरतो. आधी प्रवासाची धाकधूक, मग गरिबीचा धक्का, मग मुलांचे हसरे चेहरे आणि शेवटी ‘आम्ही दिले त्याहून अधिक घेऊन आलो’ हा निष्कर्ष. या साच्यातले प्रत्येक वाक्य कदाचित खरे असेल. तरीही वृत्त संपल्यावर मनात त्या गावाचे चित्र उमटत नाही. गावातला एकही माणूस त्यात एक सबंध वाक्य बोलत नाही. तो हसतो, हात हलवतो, डोळ्यांत पाणी आणतो. पण बोलत नाही. कथेचा नायक एकच, तो म्हणजे लिहिणाऱ्याचे स्वतःचे अंतःकरण. गाव हा त्यामागचा रंगवलेला पडदा!

हा निव्वळ शैलीचा दोष असता तर तो मी सोडून दिला असता. पण यजमान गप्प राहिला की व्यवहारही फसतो. १९९८ साली मिच नावाच्या चक्रीवादळाने होंडुरास देशाची धूळधाण उडवली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतून अनेक सेवापथके तेथे घरे बांधायला गेली. कर्ट व्हर बीक या प्राध्यापकांनी पुढे या कामाचा हिशेब मांडला. स्थानिक संस्थेने बांधलेल्या घराला सुमारे २,००० डॉलर लागत होते. बाहेरच्या पथकाने बांधलेल्या घराला, विमानभाडे धरून, सुमारे ३०,००० डॉलर पडत होते. घर मिळालेल्या कुटुंबांच्या पुढल्या आयुष्यात मात्र ते कोणी बांधले याने काही विशेष फरक पडलेला आढळला नाही. घराची गरज असलेल्या माणसाला कोणी आधी विचारले असते, तर तो काय म्हणाला असता हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

होंडुरासची गोष्ट नेवाशात बसून मी का सांगतो आहे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की या प्रकारच्या पाहुण्यांशी आमच्या मुलखाचा संबंध फार जुना आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्याचे ठाणे पडले. आमच्या नेवासे तालुक्यातले वडाळा हे या मिशनचे एक महत्त्वाचे केंद्र. आणि अगदी आजच्या सेवासफरीची पणजी शोभेल अशी एक सफरही या भागाने पाहिली आहे.

१८५४ च्या अखेरीस बोस्टनहून दोन पाहुणे आले: अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्प्सन. मुंबईला उतरून ते नगरला आले, मिशनऱ्यांच्या बैठका झाल्या, आणि पाहुणे पुढच्या मुक्कामाला निघून गेले. पण या थोड्या दिवसांच्या पाहणीनंतर मिशनच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली. शिक्षण देशी भाषेत द्यावे, खेड्यांतल्या मंडळ्या एतद्देशीय पाळकांच्या हाती सोपवाव्यात, असे अँडरसन यांचे धोरण होते. धोरण म्हणून ते उदार होते. मराठीचा अभिमान असणाऱ्याला तर ते गोडच वाटेल. मात्र अनेक अभ्यासकांच्या मते हे धोरण ते बोस्टनहून तयारच घेऊन आले होते. इकडच्या तरुणांना इंग्रजी हवे होते, कारण नोकरीची आणि मानाची वाट तिथून जात होती. त्यांची इच्छा निर्णयाच्या वेळी कितीशी मोजली गेली? या दौऱ्यावर तिकडेही इतकी टीका झाली की मार्च १८५६ मध्ये ऑल्बनी येथे बोर्डाला खास सभा भरवावी लागली. म्हणजे पाहुण्याच्या हेतूचा चांगुलपणा आणि यजमानाचे मत या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्याच होत्या.

आता याच मिशनमधली दुसऱ्या तऱ्हेची माणसे पाहा. हेन्री बॅलंटाइन १८३५ साली आले ते तीस वर्षे इथलेच झाले आणि त्यांनी मराठीत गीते रचली. सिंथिया फॅरार या बाई १८२७ साली मुंबईला उतरल्या, पुढे नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरलाच देह ठेवला. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. वडाळ्याचे सॅम्युएल फेअरबँक धर्मोपदेशाबरोबर पक्ष्यांचाही अभ्यास करीत. दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आजही आहे. ज्याला पाखरे ओळखायची असतात त्याला स्वस्थ बसून ऐकावे लागते. या माणसांनी जे दिले ते टिकले, कारण त्यांनी आधी इथले काही शिकून घेतले.

तथापि ‘जो थोडे दिवस राहिला तो वाईट आणि जो पुष्कळ दिवस राहिला तो चांगला’ असा सोपा नियम मला काढायचा नाही. पुष्कळ दिवस राहूनही माणूस साहेबच राहू शकतो. रेव्हरंड टिळकांनी अमेरिकन मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्त या देशात अभंग-कीर्तनाच्या वाटेने यावा, परक्या संस्थेचा आश्रित म्हणून येऊ नये, ही त्यांची तळमळ होती. उलट, याच टिळकांच्या आयुष्यातली सर्वांत परिणामकारक सेवासफर काही तासांचीच होती. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. तो त्यांच्याशी स्नेहाने बोलला, ‘नव्या करारा’ची एक प्रत त्यांच्या हाती ठेवून उतरून गेला. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, भेटीची रीत पाहण्यासारखी आहे. समोरच्याला त्या प्रवाशाने बोलू दिले, वाचायला दिले आणि विचार करायला मोकळे सोडले.

यजमान बोलू लागला म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. १९३४ ते १९३६ या काळात ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली. घरोघरी वाचले जाणारे हे पुस्तक मी इथे एका वेगळ्या कारणासाठी पुढे करतो. मिशनच्या अहवालात जिची नोंद ‘आणखी एक बाप्तिस्मा, राहुरी, १९००’ एवढ्यावर उरकली असती, ती बाई इथे स्वतः बोलते. ती कोणाचाही मुलाहिजा ठेवीत नाही. मीठ-साखरसुद्धा धुऊन घेणारे तिचे सोवळे वडील, घर विसरून कविता करीत बसणारा नवरा आणि नवे ख्रिस्ती शेजारपाजार, सारे तिच्या विनोदाच्या एकाच उजेडात उभे राहतात. जुने घर काळे आणि नवे घर पांढरे असे ती रंगवीत नाही. सोवळे-ओवळे तिच्या हातून सुटत गेले ते सावकाश, भांडत, रडत आणि स्वतःवर हसत. अहवालाला हा सावकाशपणा परवडत नाही. त्याला पुढच्या वर्गणीपूर्वी चमत्कार घडलेला दाखवायचा असतो. ‘स्मृतिचित्रे’ वाङ्मय ठरते आणि अहवाल कपाटात जातो, याचे मर्म मला इथेच दिसते.

पण पाहुण्यानेही उत्तम लिहिता येते. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे त्या देशात हिंडल्या. त्यांचा प्रवासही सेवेसाठीच होता. इकडच्या विधवांसाठी शाळा काढायची म्हणून त्या व्याख्याने देत आणि मदत जमवीत हिंडत होत्या. परतल्यावर १८८९ साली त्यांचे पुस्तक निघाले, त्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. नावातला क्रम पाहावा! आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. आधी ते लोक, मग मी. त्या देशातल्या स्त्रियांच्या संस्थांचे त्यांनी मनापासून कौतुक केले, आणि तिथल्या काळ्या लोकांना व मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही लपवली नाही. मदत देणाऱ्याविषयी खरे लिहिणे हे मदत घेणाऱ्याला फार अवघड असते. रमाबाईंना ते साधले, याचे मला त्यांच्या विद्वत्तेइतकेच कौतुक वाटते.

हे सारे लिहीत असताना आमच्या गावातल्या त्या दगडी खांबाची आठवण येणे अपरिहार्य आहे. ज्ञानेश्वर हेही नेवाशाचे पाहुणेच. प्रवरेच्या काठी या खांबाला टेकून शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, त्यांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा सांगते. संतांची आणि सेवापथकांची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. मला फक्त त्या ग्रंथाचा घाट दाखवायचा आहे. ज्ञानेश्वरीत श्रोता पदोपदी हजर असतो. वक्ता त्याची विनवणी करतो, त्याचा कल पाहतो, त्याने दिलेल्या अवधानाचे मोल मानतो. जे ज्ञान संस्कृतात बंद होते ते ऐकणाऱ्याच्या बोलीत आणले गेले. देणाऱ्याने घेणाऱ्याची भाषा घ्यावी, हा धडा आमच्या गावात सातशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे.

म्हणून परदेशी मंडळ्यांकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्याकडेही शहरातली मुले आठ दिवसांच्या शिबिराला खेड्यात जातात, बंधारा घालतात, झाडे लावतात आणि स्मरणिकेत लेख लिहितात. या दिवाळीत अशी एखादी स्मरणिका हाती आली तर वाचकहो, एवढेच पाहा की त्यात गावातल्या कोणाला नाव आहे काय, आणि तो एखादे वाक्य बोलतो काय; आणि बोलत असेल तर ते वाक्य आभाराखेरीज दुसरे काही आहे काय. गावकऱ्याने एखादी कुरकुर केलेली जिथे छापलेली आढळेल, तिथे लिहिणाऱ्याने काही ऐकले होते असे खुशाल समजावे.

आणि अशा सफरींचे संयोजक माझे ऐकणार असतील तर मी त्यांना एकच विनंती करीन. पाहुण्यांनी आपला अहवाल जरूर लिहावा. पण त्याच्या अखेरीस दोन पाने कोरी सोडावीत आणि वर्षभराने ती गावाकडे पाठवावीत. शाळेची भिंत कोणी रंगवली हे अहवालात येतेच. पुढच्या पावसाळ्यात त्या रंगाचे काय झाले, हे लिहिण्याचा मान त्या शाळेच्या मास्तरांना असावा.