खारपाणपट्ट्यातील काँक्रीट स्तंभ आणि तंतुवेष्टन : एक चिकित्सा

सारांश : तंतुप्रबलित बहुवारिकाचे, म्हणजेच एफआरपीचे वेष्टन हा दुर्बल काँक्रीट स्तंभांच्या बळकटीकरणाचा मान्यताप्राप्त उपाय आहे. मात्र क्षारांमुळे सळ्या गंजल्या असतील, तर तो दुरुस्तीचा पहिला नव्हे, शेवटचा टप्पा ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रास्ताविक
पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भातकुली तालुका मोडतो. येथील भूजल खारे आहे आणि काळी जमीन ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते. शेती व पिण्याचे पाणी यांच्या संदर्भात या खारेपणाची चर्चा नेहमी होते. इमारतींच्या आयुष्याशी असलेला त्याचा संबंधही तितकाच निकटचा आहे.

पद्धतीचे बलस्थान
भाराखाली स्तंभ दाबला जात असताना त्यातील काँक्रीट बाजूंना फुगते. इपॉक्सी राळेने चिकटवलेले कार्बन अथवा काचतंतूंचे कापड हा फुगवटा रोखते. परिणामी स्तंभाची भारक्षमता वाढते आणि मोडण्यापूर्वी विरूपण सहन करण्याची शक्ती त्याहूनही अधिक वाढते. काँक्रीटचे जॅकेट घातल्यास स्तंभाची जाडी प्रत्येक बाजूस साधारण 100 मि.मी. वाढते, तर वेष्टनाने ती जेमतेम काही मि.मी. वाढते. भूकंपसुरक्षेसाठीच्या आयएस 15988 : 2013 या भारतीय मानकातही या पद्धतीस स्थान आहे.

प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष स्तंभ
पद्धतीचे हे यश प्रामुख्याने 150 मि.मी. व्यासाच्या व 300 मि.मी. उंचीच्या सिलिंडरवर सिद्ध झाले आहे. वर्तुळाकार छेदात दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो. आयताकृती छेदात तो कोपऱ्यांपाशी एकवटतो आणि सपाट बाजू जवळजवळ मोकळ्याच राहतात. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेनुसार कोपरे किमान 13 मि.मी. त्रिज्येने गोल करावे लागतात. बाजूंचे गुणोत्तर 2 पेक्षा अधिक असल्यास भारक्षमतेतील वाढ सहसा गृहीत धरली जात नाही. घरबांधणीत भिंतीच्या जाडीशी जुळवून घेतलेले 230 मि.मी. रुंदीचे स्तंभ सर्रास आढळतात. त्यांपैकी 230 × 450 चा स्तंभ या मर्यादेत कसाबसा बसतो, 230 × 600 चा बसत नाही. शिवाय स्तंभाच्या दोन बाजू विटांच्या भिंतीत अडकलेल्या असतात. भिंत फोडल्याखेरीज संपूर्ण वेढा पडत नाही, आणि अपुऱ्या वेढ्यास या अर्थाने वेष्टन म्हणता येत नाही.

क्षारांचा प्रश्न
आयएस 456 : 2000 नुसार प्रबलित काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला 500 मि.ग्रॅ.पेक्षा अधिक नसावे आणि काँक्रीटमधील एकूण क्लोराइड घनमीटरला 0.6 कि.ग्रॅ.च्या आत असावे. घनमीटरला 180 लिटर पाणी लागले आणि त्या पाण्यात लिटरला 2000 मि.ग्रॅ. क्लोराइड असले, तर केवळ पाण्यातूनच 0.36 कि.ग्रॅ. क्लोराइड काँक्रीटमध्ये येते. वाळूतील क्षार आणि त्याच पाण्याने केलेले क्युरिंग यांची भर वेगळीच. पुढे पायातून ओल वर चढते, जमिनीलगत पाण्याची वाफ होते आणि क्षार तेथेच साचतात. क्लोराइडमुळे सळईवरील संरक्षक थर भेदला जातो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने आवरणाचे काँक्रीट फुटते.

वेष्टनाने बाहेरून येणारे पाणी व प्राणवायू अडतात. गंजलेल्या स्तंभांवरील प्रयोगांत, विशेषतः टोरांटो विद्यापीठात, गंजण्याचा वेग मंदावल्याचे आढळले आहे. हे श्रेय नाकारता येत नाही. तथापि वेग मंदावणे म्हणजे गंज थांबणे नव्हे. आत मुरलेले क्लोराइड तेथेच राहते, पायातून ओल चढतच राहते आणि धोक्याची सूचना देणारी भेग मात्र कापडाआड दडते. कार्बनचा पोलादाशी थेट संपर्क आल्यास गंजण्यास उलट चालनाच मिळते.

समारोप
यावरून कामाचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम काँक्रीटच्या भुकटीतील क्लोराइड व सळ्यांची स्थिती तपासावी, मग ओलीचा मार्ग बंद करावा. त्यानंतर दूषित काँक्रीट काढून सळ्या स्वच्छ कराव्यात वा बदलाव्यात, छेद पूर्ववत करावा आणि अखेरीस, छेदाचा आकार अनुकूल असेल तरच, वेष्टन करावे. हा क्रम डावलल्यास महागडे कापड स्तंभाला बळ देण्याऐवजी केवळ त्याचा रोग झाकील. या विभागातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रकल्पांतही शुद्ध पाण्याच्या सिलिंडरऐवजी खाऱ्या पाण्याने घडवलेले, आधी गंजू दिलेले आणि आयताकृती छेदाचे नमुने तपासले गेले, तर त्या निष्कर्षांचा भातकुलीतील घरांना खरा उपयोग होईल.