सूर्यास्त आणि सोबती

आपल्या प्रवासवर्णनांत सूर्य फार वेळा मावळतो. उगवतो त्या मानाने कमी. दुपारी डोक्यावर येऊन तापणे तर त्याला जवळजवळ मनाईच आहे. त्यातून लेखक परदेशातल्या एखाद्या पुरातन देवळाच्या पायऱ्यांवर बसलेला असला, म्हणजे पुढच्या पानावर काय होणार हे चाणाक्ष वाचकाला आधीच ठाऊक असते. क्षितिज तांबूस होते, शिखरे काळी पडतात, साम्राज्ये आली आणि गेली असे लेखकाला वाटू लागते, आणि शेवटी ‘आम्ही दोघेही निःशब्द झालो’ हे वाक्य येते. दोघांपैकी एक लेखक. दुसरा कोण, हे बहुधा आपल्याला कळत नाही.

हे मी थट्टेने लिहीत असलो, तरी ही थट्टा परक्याची नाही. २०१८ च्या एका दिवाळी अंकात अंगकोरवर माझा लेख आला होता. त्याच्या अखेरीस हा सूर्यास्त आहे, साम्राज्ये आहेत आणि ते वाक्यही आहे. आता तो लेख एका संग्रहात जायचा आहे आणि त्याची मुद्रिते माझ्यासमोर पडली आहेत. दुसऱ्याच्या लेखनाची चिकित्सा आपण पुष्कळ करतो. मुद्रिते तपासण्याच्या निमित्ताने एकदा स्वतःच्या एका वाक्याची करावी, असे मनात आले. कारण त्या वाक्यात एक साधी अडचण आहे. ज्या मित्राबरोबर मी निःशब्द झालो असे लिहिले, तो त्या वेळी तेथे नव्हताच.

हा मित्र माझा वाईचा, शाळेपासूनचा. स्थापत्याचा इंजिनिअर, तीस वर्षे बँकॉकला बांधकामांवर काढली आणि निवृत्त होऊन तेथेच राहिला. २०१७ च्या फेब्रुवारीअखेर मी त्याच्याकडे गेलो आणि तेथून आम्ही कंबोडियात सिएम रीपला उतरलो. अंगकोरच्या एका दिवसाच्या पासाची किंमत त्याच महिन्यात २० डॉलरवरून ३७ झाली होती. ‘महिनाभर आधी यायला काय झालं होतं तुला?’ हे तो दिवसभर म्हणत होता. माझ्या लेखात हे नाही. पुरातन देवळांच्या वर्णनात डॉलर शोभत नाहीत, अशी माझी तेव्हा समजूत होती.

सबंध दिवस आम्ही अंगकोर वाटमध्ये काढला. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेले हे विष्णूचे देऊळ. पुढे ते बौद्धांचे झाले. तेथली बहुतेक देवळे पूर्वाभिमुख आहेत, हे मात्र पश्चिमेकडे तोंड करून आहे. पश्चिमेच्या दारातून आत शिरल्यावर मित्र सवयीने डावीकडे वळला, देऊळ उजव्या हाताला ठेवून. प्रदक्षिणा आणखी कशी घालणार? पण तेथल्या भिंतींवरची शिल्पे उलट्या क्रमाने, अप्रदक्षिण वाचायची आहेत. हा क्रम अंत्यविधीचा, म्हणून हे देऊळ राजाचे स्मारकही असावे, असे काही अभ्यासक म्हणतात. आम्हांला याचा पत्ता लागला तो दक्षिणेच्या ओवरीत. सूर्यवर्म्याचे सगळे सैन्य, हत्ती, छत्र्या, भाले, समोरून आमच्या अंगावर चालून येत होते. ‘अरे, आपण चुकीच्या बाजूनं चाललोय,’ मित्र म्हणाला, ‘हे सगळे आपल्याला परत जा म्हणतायत.’ परत मात्र तो गेला नाही. त्यामुळे लंकेचे युद्ध आम्हांला सर्वांत आधी भेटले आणि कुरुक्षेत्र सर्वांत शेवटी, दिवस कलताना. पश्चिमेच्या ओवरीत उन्हे आत आली होती आणि शरपंजरी पडलेला भीष्म त्या उन्हात होता. मित्र त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मला वाटले, भीष्माकडे पाहतो आहे; तो वरच्या छताकडे पाहत होता. ‘ही कमान खरी नाही. दगड नुसते एकापुढे एक सरकवत नेलेत. म्हणून ओवरी इतकी अरुंद. रुंद केली असती तर कोसळली असती.’

मग मी घाई केली. सूर्यास्त फ्नोम बाखेंगवरून पाहायचा, असे मी ठरवून आलो होतो. अंगकोर वाटच्या वायव्येला सव्वा-दीड किलोमीटरवर ही टेकडी आहे. तिच्या माथ्यावर यशोवर्म्याने नवव्या शतकाच्या अखेरीस शिवमंदिर बांधले. मधल्या शिखराभोवती १०८ लहान शिखरांची मांडणी आहे, आणि कोणत्याही एका बाजूच्या मध्यावरून पाहिले तर त्यांतील ३३ च दिसतात; हे तेहतीस देव, असे फिलिओझा या फ्रेंच पंडिताने १९५४ साली दाखवून दिले. आता तेथे एका वेळी ३०० माणसांनाच वर सोडतात. गळ्यात अडकवायला एक बिल्ला देतात. तो परत आला की पुढचा माणूस वर जातो. आम्ही रांगेत उभे राहिलो. टेकडी चढतानाच मित्राचा गुडघा बोलू लागला होता. समोर तो उभा जिना पाहून तो म्हणाला, ‘तू जा. मी खाली थांबतो.’ मी गेलो. ‘नको, मीही येत नाही,’ असे माझ्या तोंडून निघाले नाही, ही गोष्टही माझ्या लेखात नाही.

वर काय होते? माणसे होती आणि त्यांचे कॅमेरे होते. सगळ्यांची तोंडे पश्चिमेकडे, पश्चिम बारायच्या त्या अफाट तळ्याच्या दिशेला. मीही त्यांतलाच एक होऊन बसलो. सूर्य मावळला. त्यावर मी दीड पान लिहिले.

त्या दीड पानात ऊन पडके वैभव, काळाचा महिमा, माणसाच्या कर्तृत्वाची क्षणभंगुरता, हे सगळे आहे. आज वाचताना वाटते, ही उदासी मी तेथे अनुभवली नव्हती. बरोबर घेऊन गेलो होतो. आणि ती मूळची माझ्या घरचीही नव्हे. वाईच्या घाटावर एखाद्या देवळाच्या शिखरात पिंपळ उगवला, तर माझ्या आजीला साम्राज्यांची आठवण होत नसे. तो उपटायला हवा, आणि पिंपळ असल्यामुळे ते पाप कोणी अंगावर घ्यायचे, एवढाच तिच्यापुढे प्रश्न असे. पडक्या वास्तूकडे पाहून हळहळण्याची गोडी आपण युरोपच्या वाङ्मयातून उचलली आहे. आंरी मूओ १८६० साली अंगकोरला गेला, त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले आणि युरोपला हे ‘हरवलेले नगर’ सापडले. पिएर लोती १९०१ साली गेला; १९१२ सालचे त्याचे पुस्तक या हळहळीचा कळस आहे. पुढे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी ता प्रोह्मचे देऊळ झाडांच्या मुळ्यांसकट मुद्दाम तसेच राहू दिले. पाहणाऱ्याला हळहळता यावे म्हणून! वास्तविक अंगकोर वाट पूर्णपणे ओस कधी पडलेच नाही. भिक्षूंचा वावर तेथे राहिला. १६३२ साली उकोन्दायू नावाचा एक जपानी यात्रेकरू आला आणि खांबावर शाईने लिहून गेला. बुद्धाच्या जेतवनातच आपण आलो आहोत, अशी त्याची समजूत होती. ती चूक होती. पण तो तेथे हात जोडायला आला होता, हळहळायला नव्हे. त्याच्याही आधी, १२९६-९७ मध्ये, चौ ता-क्वान हा चिनी माणूस त्या नगरात राहिला, तेव्हा ते गजबजलेले होते. बाजार बायका चालवतात, लोक सारखे आंघोळ करतात, असल्या गोष्टी त्याने टिपून ठेवल्या. त्या नगराविषयी आज जे काही सांगता येते, त्यातले किती तरी या चौकस माणसामुळे.

आपल्याकडे या हळहळीला आणखी एक पुरवणी जोडलेली असते, अभिमानाची. शिलालेख संस्कृत, राजांची नावे वर्मन्, भिंतीवर आपला भीष्म; मग ‘आपली संस्कृती किती दूर पोहोचली होती!’ माझ्या लेखातही हे उद्गारचिन्ह आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही. ज्यांनी ते दगड वाहिले त्यांची भाषा ख्मेर होती, एवढे मनात ठेवले तरी उद्गारचिन्ह जरा आखडते.

लेख प्रसिद्ध झाल्यावर महिन्याभराने मित्राचे पत्र आले. टपालाने, निळ्या शाईत. रागावलेला नव्हता. त्यातला मजकूर त्याच्या परवानगीने देतो:

‘लेख मिळाला. हिला आवडला. आपण दोघे वर बसलो होतो असं तू लिहिलंयस, ते वाचून हिनं मला गुडघ्यावरून बोलणी दिली. मी कुठे होतो ते तू विचारलं नाहीस म्हणून कळवतो. तू गेल्यावर मी हळूहळू खाली उतरलो आणि रिक्षावाल्याला म्हटलं, मोठ्या देवळापाशी सोड. खंदकाच्या अलीकडच्या काठावर बसलो. खंदक दोनशे मीटरच्या आसपास रुंद असेल. शेजारी चटया टाकून गावातली माणसं जेवायला आली होती. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं मला कमळाच्या बिया दिल्या. सूर्य माझ्या पाठीमागे होता, त्यामुळे तो मी पाहिला नाही. देऊळ समोर. अगदी मध्यावर बसलं तर शिखरं तीनच दिसतात, बाजूला सरकलं की पाच होतात. मी सरकून पाच केली. दगड आधी करडा होता, मग चिंचेच्या कोळासारखा झाला. सावली खालून वर चढत गेली. आधी बाहेरची भिंत गेली, मग शिखरं, शेवटी मधल्या शिखराचा शेंडा. घड्याळात सहा बारा. तू बसला होतास ते देऊळ पूर्वेकडे तोंड करून आहे, हे तुझ्या लक्षात आलं का? म्हणजे तुम्ही तीनशे जण देवळाच्या मागल्या बाजूला बसला होतात.’

आता येथे कोणी म्हणेल, आणि माझ्या तरुणपणी आम्ही हेच हिरिरीने म्हणत असू, की ललित लेखनाला वस्तुस्थितीचे बंधन नसते. अनुभूती खरी असली म्हणजे झाले. मित्र शेजारी होता की खंदकाच्या काठावर, याने कलाकृतीचे काय बिघडते? कथेच्या बाबतीत हे मी आजही मान्य करीन. प्रवासवर्णनात मात्र ते पुरत नाही. कारण असे पाहा: तो खरोखरच वर आला असता, तर गप्प बसला असता काय? पूर्वेचे दार त्याने मला तेथेच दाखवले असते. मग मला मान वळवावी लागली असती, मागे आग्नेयेला झाडीतून वर आलेल्या अंगकोर वाटवर पडलेले ऊन दिसले असते, आणि माझी ती उदासी पाच मिनिटेही टिकली नसती. तो नव्हता म्हणूनच मला त्याला निःशब्द करता आले. अनुभूती खरी होती म्हणावे, तर ती उभी राहिली ती त्याला गैरहजर ठेवून. आणि वाक्य मात्र त्याची साक्ष काढते.

आपल्या चांगल्या प्रवासवर्णनांत सोबती असा तोंडी लावण्यापुरता नसतो. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आठवा. १८५७ च्या धामधुमीत वरसईचा हा भिक्षुक उत्तरेत सापडला, आणि त्याच्याबरोबर त्याचा काका होता. झाशी आपण विसरणार नाहीच. पण काकाही विसरला जात नाही, कारण त्याच्यावाचून तो प्रवास घडूच शकत नाही. ‘अपूर्वाई’त पु. ल. देशपांड्यांच्या सोबत सुनीताबाई आहेत, आणि त्या आहेत म्हणून लेखकाला फार वेळ एका जागी भारावून बसता येत नाही. सोबती लेखकाच्या पाहण्यात अडथळा आणतो. त्या अडथळ्यातून जे दिसते ते सहसा लेखकाने आधी ठरवलेले नसते.

मुद्रितातले ते वाक्य मी परवा खोडले. खोडल्यावर लक्षात आले की त्याच्या आधीचा परिच्छेद त्याच्याच आधाराने उभा होता, तोही गेला. त्याच्या आधीचा गेला. दीड पानापैकी बारायचे तळे आणि ३०० माणसे शिल्लक राहिली. मग मित्राला फोन केला आणि विचारले, ‘त्या जागी तुझं पत्र घालू का?’

‘घाल की,’ तो म्हणाला. ‘पण एक दुरुस्ती कर. त्या म्हातारीनं बिया नुसत्या दिल्या नव्हत्या. मला सोलता येईनात, हे बघून तिनं एकेक सोलून दिली. तेवढं लिहायचं राहून गेलं होतं.’