हायलक्सवध: न मेलेल्या गाडीची गोष्ट

बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमाने 2003 साली एक जुनी डिझेल पिकअप जिवे मारायचा घाट घातला. गाडी 1988 सालची टोयोटा हायलक्स, मीटरवर 1,90,000 मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने तीन लाख किलोमीटरच्या पुढे. निवेदक आणि मारेकरी एकच, जेरेमी क्लार्कसन. कार्यक्रमाच्या तिसऱ्या मालिकेत ही फिल्म तुकड्यातुकड्यांनी दाखवली गेली आणि एक अचाट वात्रटपणा म्हणून गाजली. पण ज्याच्या दारात जुनी डिझेल गाडी उभी आहे, त्याने ती बघितली तर त्या वात्रटपणाखाली त्याला बरंच काही सापडतं. आणि एक मोठी गोष्ट गाळलेलीही सापडते.

आधी रचना बघू. घाव चढत्या भाजणीने येतात. पायऱ्यांवरून खाली उतरवणं, भिंतीला घासणं, झाडावर नेऊन आदळणं, इथपर्यंतचे घाव कोणत्याही पिकअपच्या वाट्याला कधी ना कधी येतात. इथे ते मुद्दाम दिले आहेत इतकंच. बघणारा मनात म्हणतो, यात काय विशेष, आमची गाडी रोज खाते असे धक्के. तो असा निर्धास्त झाला की मग समुद्र येतो. मग वरून टाकलेली कॅरॅव्हॅन, पाडकामाचा लोखंडी गोळा, आग, आणि शेवटी 240 फूट उंच इमारत. ओळखीच्या गोष्टींनी विश्वास बसवायचा आणि त्या विश्वासाच्या बळावर अशक्य गोष्ट गळी उतरवायची, ही कीर्तनकाराची रीत क्लार्कसनला उपजत जमते. हास्यात सुरू झालेली फिल्म अद्भुतात कधी शिरली ते कळतच नाही. विनोदाचा कळस मात्र पडद्याबाहेर झाला. सॉमरसेटमधल्या चर्चिल गावच्या ज्या झाडावर गाडी आदळली, त्या झाडाबद्दल तिथल्या पंचायतीने तक्रार केली आणि बीबीसीला भरपाई द्यावी लागली.

फिल्मचा सगळ्यात समृद्ध भाग समुद्राचा. बर्नहॅम-ऑन-सीच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक प्रचंड, जगातल्या मोठ्यांपैकी एक. ओहोटीला गाडी दोरांनी बांधून उभी केली जाते. पाणी चढतं, बॉनेट जातं, टप जातो. दोर दगा देतात आणि गाडी दिसेनाशी होते. इथे क्षणभर विनोद थांबतो, कारण हे ठरलेलं नव्हतं. पाणी उतरल्यावर ती रेतीत रुतलेली सापडते, आतबाहेर नुसता चिखल. तिला हात लावायला एक मिस्त्री येतो. त्याच्यासाठी अट अशी की हत्यारं साधी वापरायची आणि समोरच्या काचेखेरीज एकही नवा भाग घालायचा नाही. हातोडा, पाने आणि डब्ल्यूडी-40 चा फवारा, एवढ्यावर काम. आणि इंजिन धडधडतं.

हा क्षण चमत्कारासारखा दाखवला आहे, पण गॅरेजमधला माणूस तो वेगळ्या डोळ्यांनी बघतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन सिलिंडरमधली हवा सुमारे 22 पट दाबतो, ती तापते, आणि नोझलमधून फवारलेलं डिझेल तिच्यात आपोआप पेटतं. पाणी लागलं की पेट्रोल गाडीत आधी दगा देतात त्या प्लगच्या वायरी आणि कॉइल इथे नाहीतच. कधी आणि किती डिझेल सोडायचं हे पंपाच्या पोटातले कॅम आणि स्प्रिंगा ठरवतात, कॉम्प्युटर नाही. विजेचं काम मोजकं. सुरू करताना हीटर तापवायचे, सेल्फ फिरवायचा, पंपावरचा एक सोलेनॉइड उघडा धरायचा. वायरिंग अर्धं गेलं तरी एवढं उभं करता येतं. म्हणजे चमत्कार बर्नहॅमच्या वाळूत झालेला नाही. तो कित्येक वर्षं आधी, काय बसवायचं नाही हे ठरवणाऱ्यांच्या टेबलावर झाला.

फिल्मने एक पत्ता मात्र हातात लपवला आहे. गाडी बुडाली तेव्हा ती उभी होती, इंजिन बंद होतं. चालत्या इंजिनाने पाणी ओढलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुराच्या पाण्यातून गाडी काढताना बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, असं मिस्त्री कळवळून सांगतात ते याचसाठी. आधी नोझल काढायचे, मग इंजिन फिरवायचं, म्हणजे सिलिंडरमधलं पाणी भोकांतून बाहेर उडतं. मग ऑइल बदलायचं, टाकी आणि फिल्टर रिकामे करायचे, लाइनमधली हवा काढायची. शेवटच्या इमारतीचंही तेच. इमारत गाडीवर पडली नाही. गाडी गच्चीवर होती आणि इमारतीबरोबर खाली आली. हे ओळखल्याने रसभंग होत नाही. जादूगाराचा हात दिसला तरी जादू आवडावी, तसा हा भाग आवडतो. उलट घाव निवडण्यातली हुशारी दिसते.

इमारतीच्या प्रसंगात आवाजाचा वापर अप्रतिम आहे. सुरुंग उडतात, धुळीचा लोट उठतो, ढिगाऱ्यातून गाडी निघते ती चासीस वाकलेली, पाठ मोडलेली. आता मेलीच, असं आपणही मान्य करतो. मग सेल्फचा रखडता आवाज, आणि त्यामागून जुन्या डिझेलची ती खडखड. ज्या आवाजाला एरवी शेजारी शिव्या देतात, तो इथे टाळी घेतो. संकलकाने त्या आवाजावर पार्श्वसंगीत चढवलं असतं तर सगळं वाया गेलं असतं.

या फिल्मचा नायक मला गाडी वाटत नाही. नायक तो मिस्त्री आहे, आणि त्याला दिलेली अट हे फिल्ममधलं सर्वांत हुशार लेखन आहे. ‘ही गाडी मोडत नाही’ असं फिल्म म्हणते, पण दाखवते ते वेगळंच. गाडी दर वेळी मोडते, आणि दर वेळी हाती असलेल्या पान्याने जोडता येते. टिकाऊपणा असा दुरुस्तीत असतो. आखातात राबलेल्या रत्नागिरी-रायगडच्या माणसांना हायलक्स ठाऊक आहे ती याच गुणामुळे. भारतात ती अधिकृतपणे आली 2022 मध्ये. आपल्याकडे हीच भूमिका टाटा 207 आणि महिंद्राच्या पिकअपनी वठवली. कांद्याच्या गोण्यांखाली पाटे बसलेली गाडी तालुक्याच्या कोणत्याही गॅरेजात उघडते, ही तिची खरी किंमत.

आता गाळलेली गोष्ट. फिल्ममधला प्रत्येक घाव एका क्षणाचा आहे. जुनी डिझेल गाडी सहसा अशा घावांनी मरत नाही, ती वर्षांनी मरते. टायमिंग बेल्ट साधारण 1,00,000 किलोमीटरला बदलायचा असतो. तो राहून गेला आणि तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड जातं. इमारत जे करू शकली नाही ते एक रबरी पट्टा करतो. त्याहून हळू मारतो तो गंज. टोयोटाचीच अमेरिकेतली पिकअप टॅकोमा घ्या. 1995 ते 2000 या वर्षांतल्या गाड्यांच्या चासीस गंजाने इतक्या खाल्ल्या गेल्या की 2008 मध्ये कंपनीने त्यांच्यासाठी गंजाची वॉरंटी 15 वर्षांपर्यंत वाढवली आणि वाईट अवस्थेतल्या गाड्या परत विकत घेतल्या. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ याला पुरेसं होतं. मुरलेला गिऱ्हाईक म्हणूनच जुनी पिकअप घेताना रंगाकडे बघत नाही. तो मागच्या चाकापाशी खाली वाकतो आणि चासीसवर हातोडीने ठोकत जातो. आवाज खणखणीत असला तर पुढे बोलणी. बद्द आवाज आला, वर पापुद्रा सुटला, की विषय संपला.

गाडी सुधारण्याचा मोहही फिल्मच्या चौकटीबाहेर राहतो. त्या काळच्या बऱ्याच डिझेल हायलक्सना टर्बो नव्हता, आणि असं इंजिन बघितलं की मालकाचे हात शिवशिवतात. टर्बो बसवा, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवा. गाडी पळते, काळा धूर सोडते, आणि एखाद्या लांब घाटात हेडला तडा जातो. ज्या साधेपणावर फिल्म उभी आहे तो अशा वेळी विरोधात जातो, कारण तापमान वाढलं म्हणून आपण होऊन डिझेल कमी करणारा कॉम्प्युटर इथे नाही. अनुभवी मालक क्रम उलटा लावतो. आधी रेडिएटर आणि ब्रेक, मग पाटे, आणि ताकद सगळ्यात शेवटी, तीही बेताने.

2003 नंतर काळही बदलला. 1988 ची डिझेल आज लंडनमध्ये न्यायची तर धुरापायी रोजचं शुल्क मोजावं लागतं. हे अन्यायाचं नाही. तो धूर लोकांच्या छातीत जातो, आणि फिल्म ज्या धुराला विजयाची खूण म्हणून दाखवते तोच हा धूर. ती हायलक्स पुढे इंग्लंडमधल्या ब्यूलीच्या मोटर म्युझियममध्ये मांडली गेली. गोष्टीचा हाच शेवट मला सर्वांत कच्चा वाटतो. जिचं सगळं मोल पुन्हा जोडता येण्यात होतं, ती आता न जोडलेली ठेवल्यामुळेच मोलाची झाली आहे.

तरीही ही फिल्म जुन्या डिझेलवाल्याने जरूर बघावी, आणि क्लार्कसनपेक्षा मिस्त्रीकडे जास्त बघावं. तिचा दुसरा भाग कोणी काढलाच तर त्यात एकही स्फोट नसेल. वेळेवर बदललेलं ऑइल असेल, बेल्टची वहीत लिहून ठेवलेली तारीख असेल आणि पावसाळ्याआधी चासीसला मारलेला रंग असेल. असा भाग कोणी बघणार नाही हे खरं. पण जुनी पिकअप ठेवायची तर करायचं काम नेमकं एवढंच आहे.