टेकडीवरचे घर आणि गंगेवरची जहाजे

वांशिक कारस्थानांच्या पाश्चात्त्य कथांवर आपण एरवी दुरून, तटस्थपणे लिहू शकतो. ज्याँ रास्पाय यांची ‘ल कां दे सँ’ (१९७३) वाचताना ती सोय मिळत नाही, कारण या फ्रेंच कादंबरीत युरोप बुडवायला निघालेली माणसे आपलीच आहेत. गंगाकाठच्या कलकत्त्याहून शंभर मोडकी जहाजे दहा लाख भुकेकंगालांना घेऊन निघतात आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला लागतात. या गर्दीला चेहरा नाही. दुर्गंध, मैला आणि वासना एवढेच तिचे वर्णन. तिचा म्होरक्या कोण, तर विष्ठेचे गोळे वळून पोट भरणारा एक माणूस. दलित आत्मकथने वाचलेला मराठी वाचक इथे थबकतो. ज्या कामाने त्या माणसावर अन्याय केला, तेच काम लेखक त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडतो. इंग्रजी अनुवादातून वाचतानाही हा किळसेचा सूर जरादेखील मवाळ होत नाही.

कादंबरीचे दुसरे टोक मला अधिक महत्त्वाचे वाटते. समुद्रावरच्या टेकडीवर एक जुने गाव आहे. तिथल्या तीनशे वर्षांच्या पिढीजात घरात काल्गेस नावाचा वृद्ध प्राध्यापक दुर्बिणीतून जहाजे पाहत बसला आहे. समोर पाव, मांस, वाइन. प्रसंग चांगला वठला आहे, हे मान्य करायला हवे. पण हे गाव रिकामे आहे. गावकरी पळून गेलेत आणि उरलाय तो ग्रंथप्रेमी प्राध्यापक. शहराला वृत्तपत्रांनी, पाद्र्यांनी, विचारवंतांनी पोखरले आणि खरी फ्रान्स खेड्यात उरली, असा या कथेचा दावा आहे. त्या खेड्यात राबणारा हात मात्र दिसत नाही.

फ्रान्सची खेडी खरोखरच रिकामी झाली, पण ती कुणा परक्याने केली नाहीत. समाजशास्त्रज्ञ आंरी मांद्रास यांनी ‘ला फँ दे पेझां’, म्हणजे ‘शेतकऱ्यांचा अंत’, हा ग्रंथ १९६७मध्ये, रास्पायच्या सहा वर्षे आधी, लिहिला. ट्रॅक्टर आला, शेते मोठी झाली, पोरे कारखान्यांकडे गेली. त्या जुन्या शेतकरी जगाचा अंत समोर घडत होता. ‘बनगरवाडी’तले गाव दुष्काळाने उठते आणि माडगूळकर त्याचे खापर कुणा जातीवर, कुणा परप्रांतीयावर फोडत नाहीत. कारस्थानाची कथा नेमके तेच करते. दुःख खरे असते, आरोपी बनावट.

रनो काम्यू यांनी या कथेला २०११मध्ये नाव दिले, ‘ल ग्रां राम्प्लासमां’. मूळ लोक हटवून त्यांच्या जागी दुसरे बसवण्याचे काम सत्ताधारी करत आहेत, असा तो सिद्धान्त. (आल्बेर काम्यूंशी यांचे नावापुरतेच साम्य.) एके काळी हे पॅरिसच्या प्रायोगिक वर्तुळातले लेखक, त्यांच्या १९७९च्या ‘त्रिक्स’ला रोलाँ बार्थ यांची प्रस्तावना आहे. पुढे ते नैऋत्येकडच्या प्लिओ या चिमुकल्या गावातल्या मध्ययुगीन गढीत राहायला गेले. एरोमधली जुनी खेडी पाहताना ही कल्पना सुचली, असे ते सांगतात. खेड्याच्या वतीने बोलणारा हा आवाजही शहरातूनच आलेला आहे.

ही कल्पना पुस्तकात राहिली असती, तर शैलीची चर्चा करून थांबता आले असते. मार्च २०१९मध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसे मारणाऱ्याने आपल्या निवेदनाला काम्यूंच्याच पुस्तकाचे नाव दिले होते. मे २०२२मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लहानशा गावातला एक अठरा वर्षांचा मुलगा सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत बफेलो शहरात गेला. कृष्णवर्णीयांची दाट वस्ती शोधून त्याने तिथल्या किराणा दुकानात दहा जणांना ठार केले. त्याच्या गावात कुणी कुणाची जागा घेतली नव्हती. जागा घेणारे शोधायला त्याला इतके दूर जावे लागले, यात त्या कथेची सगळी रचना दिसते.

रास्पायच्या शेवटच्या प्रकरणांत टेकडीवरच्या गावात वीसेक माणसे जमतात आणि फ्रान्सचीच विमाने त्यांच्यावर बॉम्ब टाकतात. त्यांत सेनाधिकारी आहे, मंत्री आहे, सरदार आहे, आणि गोऱ्यांची बाजू घेणारा, पाँडिचेरीचा हमादुरा नावाचा एक सावळा भारतीयही आहे. मूळ गावकरी केव्हाच उत्तरेकडे गेलेले असतात.