थेट निवड : मत कोणाचे?

राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा, अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून होते. आमदार-खासदारांनी निवडलेला राष्ट्रपती हा पक्षश्रेष्ठींचा माणूस असतो, हे तिचे मुख्य समर्थन. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत राबणारी आपली शिकलेली पोरेही हेच म्हणतात. त्यांची चीड मला समजते. निष्कर्ष मात्र पटत नाही.

घटना समितीत १९४८ साली के. टी. शहा यांनी थेट निवडणुकीचाच आग्रह धरला होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही. राष्ट्रपतीच्या हाती कारभाराची सत्ताच नाही, मग त्याच्यासाठी सबंध देशाचे मतदान कशाला, असा त्यांचा रोख होता. मला तो आजही योग्य वाटतो. ज्याला कोट्यवधींचा कौल मिळेल तो नामधारी राहील काय? आणि तो लोकसभेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळावर कुरघोडी करू लागला, तर जाब कोणाला विचारायचा?

पण आपला प्रश्न याहून खोल आहे. 'थेट' या शब्दाला भुलण्यापूर्वी १९३२ चा पुणे करार आठवावा. राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतला एक संयुक्त मतदारसंघाने निवडायचा, अशी ती योजना. दोन्ही फेऱ्यांत मतदान थेटच. पण शेवटचा शब्द सवर्ण बहुसंख्येचा. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे कितीतरी उमेदवार पहिल्या फेरीत पुढे आले आणि शेवटच्या फेरीत पडले.

गावातही तेच. महाराष्ट्रात थेट सरपंचाचा कायदा २०१७ साली आला, २०२० साली गेला, २०२२ साली पुन्हा आला. सदस्यांनी निवडलेल्या दलित सरपंचाच्या डोक्यावर अविश्वास ठरावाची टांगती तलवार. थेट निवडलेल्याला सबंध गावाची मर्जी सांभाळायची. पाटीलवाड्याची पायरी दोघांनाही चुकत नाही.

के. आर. नारायणन १९९७ साली आणि रामनाथ कोविंद २०१७ साली अप्रत्यक्ष पद्धतीनेच राष्ट्रपती झाले. तेवढ्यावरून ती पद्धत आपल्या हिताची ठरत नाही. उमेदवार ठरवणारे हात आपले नव्हते. बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात वेगळी वाट सुचवली होती : मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्याच विधिमंडळ सदस्यांनी निवडावेत. ही निवडही अप्रत्यक्षच. पण निवडणारे आपले, म्हणून निवडलेला आपल्याला बांधील. थेट की अप्रत्यक्ष, या वादात पडण्याआधी कार्यकर्त्यांनी ही कसोटी हाती घ्यावी.